डावाचे नाव

माझ्या दवाखान्यातल्या जुन्या केसपेपरांच्या गठ्ठ्यात एक कागद आहे. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिले आहे : 'वय १७. उजवा खांदा. हप्ते भरल्यापासून दुखणे. घरची आर्थिक चिंता?' प्रश्नचिन्हही माझेच. मुलगा तालमीतला होता, कमी बोलणारा. "हप्ते भरले तेव्हापासून दुखतोय," एवढेच तो म्हणाला. आम्हा होमिओपॅथीवाल्यांना दुखण्यामागचे मन शोधायची सवय. सतरा वर्षांच्या पोराला कसले हप्ते भरावे लागतात, बापाने कर्ज काढले असेल काय, या विचारात मी गढलो आणि चिंतेवरचे औषध देऊन त्याला आठ दिवसांनी बोलावले. आठ दिवसांनी बाप बरोबर आला. तो स्वतः कुस्तीतला. माझा कागद वाचून तो आधी हसला, मग हसायचा थांबला. हप्ते हा डाव आहे. मागून प्रतिस्पर्ध्याच्या काखेतून हात घालायचे, ते त्याच्या मानेवर आणायचे आणि दाबायचे. मुलावर तो कुणीतरी जोर लावून भरला होता आणि खांद्याच्या आत काही फाटले होते. ज्या हाडांच्या डॉक्टरांकडे मी त्याला मग धाडले त्यांनी फोनवर एवढेच विचारले, "आठ दिवस का थांबलात?" त्या वर्षीचा कुस्त्यांचा मोसम मुलाच्या हातचा गेला.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरला कुस्तीतला शब्द ठाऊक नसला तर त्यात एवढे काय? दुसऱ्या कुणाबद्दल मीही तेच म्हटले असते. पण माझे आजोबा चिकोडीकडचे; त्या मुलखात आम्हा जैन शेतकऱ्यांच्या घरांतलाही एखादा मुलगा तालमीत असायचाच. आणि मी वाढलो बडोद्यात, म्हणजे व्यायामाचा सारा संसार मराठीत छापून दहा खंडांत बांधून ठेवणाऱ्या गावात. तरी हप्ते म्हणजे महिन्याच्या पाच तारखेला भरायचे, एवढेच मला माहीत. त्या दिवसापासून डावांच्या नावांचा मला नाद लागला. हा लेख त्या नादातून आला आहे, आणि थोडा त्या आठ दिवसांतून.

तालमीतली नावे एका जातीची नाहीत. धोबीपछाड घ्या. प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन खांद्यावरून पुढे आपटायचे. घाटावर धोबी कपडा आपटतो तो ज्याने पाहिला त्याला वेगळे सांगावे लागत नाही. मोळी, झोळी, कैची, आकडी ही नावे याच घराण्यातली. बाहेरची टांग, आतली टांग, एकेरी पट, दुहेरी पट ही तर नावे नव्हेतच, वर्णने आहेत. मात्र पट म्हणजे मांडी हे आधी ठाऊक हवे, नाहीतर चितपटातला पट आणि हा पट यांची गल्लत ठरलेली. मुलतानी ऐकून फक्त डाव कुठून आला असावा एवढे कळते. आणि कलाजंग? प्रतिस्पर्ध्याला आडवा खांद्यावर उचलून टाकण्याचा हा डाव. नाव असे रुबाबदार की हलगीच्या तालावर पुकारावे, पण ज्याने डाव पाहिला नाही त्याला त्यातून काडीचा बोध होत नाही.

त्याहून अवघड नावे म्हणजे ज्यांचा रोजच्या बोलण्यात दुसराच अर्थ आहे ती. दस्ती म्हटले की हैदराबादकडच्या वाचकांना खिशातला रुमाल आठवेल. तालमीत दस्ती म्हणजे हात धरून ओढणे. निकाल नावाचा डाव आहे, आणि कुस्ती निकाली होते तीही वेगळीच. 'निकालावर कुस्ती निकाली' असे वाक्य बातमीत आले तर छापखान्यातला मुद्रितशोधक त्यातला एक शब्द गाळणारच. बैठक हा व्यायाम आहे, सभा आहे, आणि गाण्याची असेल तर मेजवानी आहे. हप्त्यांचे मी सांगितलेच.

मागच्या दिवाळीत हा प्रश्न वेगळ्याच दाराने घरात आला. माझा नातू पडद्यावरचे लढाईचे खेळ खेळतो. दोन योद्धे समोरासमोर, हातात बटणे. तो आणि त्याचे मित्र मिळून त्या खेळातल्या चालींची शब्दसूची करत होते आणि एका नोंदीवर अडले होते. मला गंमत वाटली म्हणून विचारले. तो सांगू लागला आणि मी थक्क होऊन ऐकत बसलो.

कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'स्ट्रीट फायटर २' हा खेळ १९९१ साली आला. त्यात एक मुष्टियोद्धा होता. जपानी आवृत्तीत त्याचे नाव एम. बायसन. तो माइक टायसनसारखा दिसे, नावही जवळचे. अमेरिकेत कोर्टकचेरी नको म्हणून कंपनीने परदेशी आवृत्तीत तीन नावे आपसांत फिरवली. जपानमधला बायसन बाहेर बॅलरॉग झाला, जपानमधला बॅलरॉग बाहेर वेगा झाला आणि वेगा बायसन झाला. म्हणजे टोकियोचा आणि न्यूयॉर्कचा खेळाडू 'वेगा' म्हणतात तेव्हा दोघे दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलत असतात. यावर खेळणाऱ्यांनी काय केले? कंपनीची तिन्ही नावे बाजूला ठेवली आणि मुष्टियोद्ध्याला बॉक्सर, हातात पंजा बांधतो त्याला क्लॉ आणि तिसऱ्याला डिक्टेटर म्हणायला सुरुवात केली. जो दिसतो तेच त्याचे नाव. कुणी समिती नेमली नव्हती.

तसाच कॉम्बो. एका फटक्यातून प्रतिस्पर्धी सावरण्याआधी दुसरा, मग तिसरा. ही सोय खेळ करणाऱ्यांनी योजलेली नव्हती. तपासणीत ती त्यांच्या लक्षात आली, त्यांनी राहू दिली, आणि पुढे त्या जातीच्या सगळ्या खेळांचा तो कणा झाला. मुलांचे अडले होते ते मात्र ओकिझेमे या शब्दावर. जपानीत ओकि म्हणजे उठणे, झेमे म्हणजे हल्ला. खाली पडलेला उठत असतानाच त्याच्यावर चाल करणे. एकाचे म्हणणे, जगभर चालतो तो शब्द तसाच ठेवा. दुसऱ्याचे म्हणणे, नव्या मुलाला तो कळत नाही, 'उठतानाचा हल्ला' लिहा. नातवाने मला पंच नेमले. मी निकाल दिला नाही. त्याऐवजी त्याला म्हटले, तुझा तो पंजेवाला याच गावात होऊन गेला आहे.

खंडेराव महाराजांच्या काळात, १८६० च्या दशकात, लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी बडोद्यास आला होता. इथल्या हत्तींच्या झुंजी आणि मल्लांच्या कुस्त्या त्याने पाहिल्या, आणि शिंगाचे पंजे मुठीत बांधून खेळलेली रक्तबंबाळ कुस्तीही पाहिली. तिचे देशी नाव त्याने आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे नोंदले, त्यातली नखी अजून ओळखू येते. जेठी मल्लांची वज्रमुष्टी ती हीच. वज्रमुष्टी हे नाव ऐकताना अंगावर मूठभर मांस चढते. नखीची कुस्ती म्हटले की रक्त दिसते. एकाच गोष्टीची दोन नावे, एक मिरवायला आणि एक सांगायला.

या जेठींचा, म्हणजे ज्येष्ठीमल्लांचा, 'मल्लपुराण' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. तो बडोद्याच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९६४ साली भोगीलाल सांडेसरा आणि र. ना. मेहता यांनी संपादून छापला. त्याच मालेत गो. कृ. श्रीगोंदेकरांनी संपादलेला 'मानसोल्लास' आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने तो बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास रचला. जुन्या मराठीच्या ओळी त्यात सापडतात म्हणून आपल्याला त्याचे कौतुक; पण त्याच ग्रंथात मल्लविनोद नावाचे प्रकरण आहे, मल्लांची वर्गवारी, त्यांचा आहार, सराव, पकडी सांगणारे. म्हणजे कुस्तीतल्या क्रिया शब्दांत पकडण्याची खटपट निदान नऊशे वर्षे चालू आहे. शिवाय आमच्या आदिपुराणात भरत आणि बाहुबली लढले तेव्हा मंत्र्यांनी सैन्ये बाजूला काढून आधी युद्धाचे प्रकार ठरवले : दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. ज्याची पापणी आधी लवेल तो दृष्टियुद्धात हरला. व्याख्या आधी, लढाई नंतर. इतकी शिस्त आमच्या सोसायटीच्या कॅरम स्पर्धेतही नसते.

तर आता मूळ गोष्टीकडे. द. चिं. मुजुमदारांनी बडोद्यातून 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात काढले. मध्ये महायुद्ध झाले, कागदाची टंचाई झाली, संस्थान विलीन झाले. काम चालू राहिले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, बोथाटी, जंबिया, देशी मैदानी खेळ असे सारे त्यात आहे, चित्रांसकट. १९५० साली या सामग्रीवरचा एकखंडी इंग्रजी ग्रंथही निघाला. आता त्या काळाचे वातावरण ध्यानात घ्या. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आज्ञेने १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' तयार झाला होता. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी प्रतिशब्द, म्हणजे एकूण आठ भाषांचा कोश. घडवलेल्या संस्कृत शब्दांचा तो बहराचा काळ. अशा वेळी दस्तीला 'हस्तकर्षण' आणि धोबीपछाडाला 'रजकाघात' करण्याचा मोह कुणालाही झाला असता. कोशकारांनी तो आवरला. हौद्यातल्या मातीत जी नावे बोलली जात होती तीच ठेवली, फारसी असोत की खेडवळ, आणि शेजारी डाव कसा करायचा ते लिहून चित्र लावले. माझ्या मते या कोशाचे सगळ्यांत मोठे शहाणपण हे. कलाजंगमधून अर्थ कळत नाही ना? नका नाव बदलू. नावापुढे चार ओळी लिहा. नाव बदलले तर वस्तादाला पुस्तक परके आणि पुस्तक वाचणाऱ्याला वस्ताद परका.

पण या शहाणपणाला एक अपवाद याच गावात आहे आणि तोही मला पटतो. राजरत्न प्रोफेसर माणिकरावांनी आपल्या वस्तादांच्या नावाने जुम्मादादा व्यायाम मंदिर चालवले. हिंदू शिष्याने मुसलमान गुरूच्या नावाने उभे केलेले मंदिर. बडोद्याच्या जुन्या घरांतून याचे कुणाला नवल वाटत नसे. मोडलेली हाडे बसवण्यातही माणिकरावांचा हातखंडा होता. त्यांनी संघव्यायाम बसवला तेव्हा शेकडो मुले एका हुकमावर हलवायची होती. कवायतीचे हुकूम तोवर इंग्रजी, आणि मुले मराठी, गुजराती, उर्दू बोलणारी. तिथे तालमीतला कुठला रूढ शब्द नव्हताच, म्हणून त्यांनी हिंदीत नवे हुकूम बसवले. जिथे नाव रुजलेले आहे तिथे हात लावायचा नाही आणि जिथे नाही तिथे संकोच करायचा नाही, हा तोल संभाळायला फार थोड्यांना जमते. आमच्याकडच्या शासकीय परिभाषेत तो किती बिघडला आहे ते सरकारी फॉर्म भरताना तुम्हीच पाहता.

इथे माझ्या धंद्याचे थोडे सांगू द्या. आमच्याकडे रेपर्टरी असते, लक्षणांचा कोश. पहिली बोनिंगहाउसेनने १८३२ साली काढली, सगळ्यांत चालली ती केंटची, १८९७ ची. रोगी आपल्या शब्दांत सांगतो आणि आपण त्याचे दुखणे कोशातल्या नेमक्या सदरात बसवायचे. तिथे चूक झाली की पुढचे सारे चुकते. आता आपल्या भाषेत कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी, रग वेगळी, सल वेगळा. बडोद्यात वर गुजराती सणका आणि कळतर. केंटकडे यांतल्या प्रत्येकाला हुबेहूब खण नाही. म्हणून मी केसपेपरावर आधी रोग्याचा शब्द अवतरणात लिहितो, मग त्याचा अर्थ विचारून खाली लिहितो, आणि मगच सदर शोधतो. ही पद्धत मी कोणत्या दिवसापासून पाळतो ते वर आलेच आहे.

हुतुतूची कथा कुस्तीपेक्षा गुंतागुंतीची, कारण तिथे खेळाच्या नावापासूनच मतभेद. आपला हुतुतू, तमिळ मुलखात चेडुगुडु, बंगालात हाडुडु, उत्तरेत कबड्डी. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने सुधारलेल्या नियमांनी स्पर्धा भरवल्या. पुढे पुण्यामुंबईच्या मंडळींनी नियमांचा किस पाडला, १९५० साली अखिल भारतीय कबड्डी फेडरेशन झाले आणि हुतुतू हा शब्द हळूहळू आजोबांच्या तोंडी उरला. मला रस आहे तो त्यातल्या प्रकारांच्या नावांत. बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद झाल्यावर परत येतो तो प्रकार संजीवनी. बाद झालेला आपला सगळा संघ संपेपर्यंत बाहेरच राहतो ती गमिनी. बाद झाला तरी मैदान सोडत नाही, फक्त गुण मोजला जातो तो अमर. संजीवनी आणि अमर या नावांत अख्खा नियम आहे. द्रोणागिरी ऐकलेल्या पोराला तो समजावून सांगावा लागत नाही. गमिनी मात्र पाठ करावी लागते. आम्ही मुले मेला आणि जिवंत झाला म्हणत असू. नियमपुस्तिकेने त्याचे बाद केले, कदाचित पालकांना बरे वाटावे म्हणून. पण मेल्याशिवाय संजीवनी कशाला हवी?

सैल शब्द काय करतो याचा नमुना सयाजीबागेतल्या संग्रहालयात आहे. तिथला एक मोठा दगड गामा पहिलवानाने २३ डिसेंबर १९०२ रोजी उचलला असे सांगतात, वजन बाराशे किलो. गामा थोरच. पण आज जमिनीवरून लोखंडी दांडा उचलण्याचा जगातला विक्रम पाचशे किलोच्या जरा वर आहे. मग उचलला म्हणजे काय? एक कड उचलली, पाठीवर तोलला, की छातीला लावून पावले टाकली? ज्याने पाहिले त्याला यांतले नेमके काय ते ठाऊक होते. त्याने एक क्रियापद वापरले, आणि आपण सव्वाशे वर्षे तो दगड उचलतो आहोत.

जपान्यांनी या बाबतीत एक गोष्ट केली तिचा मला हेवा वाटतो. कानो जिगोरोने १८८२ साली कोदोकान काढले आणि १८९५ मध्ये जूदोच्या फेकींची पद्धतशीर मांडणी झाली. नावे बहुतेक साधी, जोडून केलेली : ओ-सोतो-गारी म्हणजे मोठी बाहेरची कापणी, को-उची-गारी म्हणजे लहान आतली. आपली आतली-बाहेरची टांग याच चालीची, तेव्हा हेवा याचा नाही. हेवा याचा, की पडण्यालाही त्यांनी नाव दिले. उकेमी. फेकला गेलेला माणूस अंग कसे झेलतो ती क्रिया, तिचे प्रकार, तिचा सराव. आपल्याकडची नावे पाहा : सगळी डाव मारणाऱ्याच्या बाजूने. धोबीपछाडात धोबी आहे, कपड्याचे काय झाले ते नाही. डावाला तोड असते, पण ती चाल उलटवणाऱ्याची. डाव बसला त्याच्यासाठी चितपट हा एकच शब्द, मग खांदा निखळलेला असो की मान मुरडलेली.

यावरून मी एक वही सुरू केली आहे. एका रकान्यात डाव, दुसऱ्यात मारणारा काय करतो, तिसऱ्यात ज्याच्यावर बसतो त्याच्या कोणत्या सांध्यावर ताण येतो. तिसरा रकाना भरायला मला जाणता माणूस हवा होता. तो सापडला. केसपेपरावरचा तो सतरा वर्षांचा मुलगा आता स्वतः मुलांना शिकवतो, मातीतही आणि मॅटवरही. त्याची पोरे डबल लेग म्हणतात आणि तो दुहेरी पट म्हणतो, दोघांचे भांडण होत नाही. पावसाळ्यात त्याचा तो खांदा अजून धरतो, मग तो येतो आणि औषधाच्या आधी वही मागतो. हप्त्यांच्या नोंदीत मी लिहिले होते, 'हप्ते भरल्यास खांद्याच्या पुढच्या बाजूवर ताण'. त्याने भरल्यास खोडून भरून घेतल्यास केले. मी म्हटले, "अरे, भरून कोण घेतो? मराठीत असे म्हणत नाहीत." तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, भरल्यास लिहिलंत तर पुढचा डॉक्टर भरणाऱ्याचा खांदा तपासत बसेल." मी 'हप्ते बसल्यास' सुचवले. ते त्याला मान्य नाही. बसतो तो ढाक, हप्ते बसत नाहीत, असे त्याचे म्हणणे. नोंद तूर्त पेन्सिलीत आहे.